अक्षराला एक पाऊल

"बाई शब्द बोलल्या की त्यात जितकी अक्षरं, तितकी पावलं पुढे. कळलं?" नव्या बाईंनी विचारलं आणि सगळा बालवर्ग लगेच फळ्याकडे निघाला.

"अजून नाही, अजून नाही," त्या म्हणाल्या. मुलं आणखी पुढे आली. शेवटी त्यांनी बाक बाजूला सारले आणि एकेकाला दंडाला धरून मागच्या भिंतीशी ओळीत उभं केलं.

या खेळावर नव्या बाईंची सगळी भिस्त होती. आधीच्या दोन शाळांनी "कळवतो" म्हणून सांगितलं होतं, त्या अजून कळवतच होत्या. इथेही त्या तात्पुरत्याच. आज मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तास बघायला येणार आणि राहायचं की जायचं ते सांगणार होत्या. "एका शब्दात सांगेन," असं त्यांनी बजावलं होतं. मोठ्या बाई काहीही एका शब्दात सांगतील यावर शाळेतल्या कुणाचाच विश्वास बसला नाही.

"टोपी" झालं, "खिडकी" झालं, खेळ रंगला. मुलं पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहतात तोच मोठ्या बाई आल्या आणि फळ्यासमोर थांबल्या.

"चालू द्या तुमचं, माझ्याकडे लक्ष देऊ नका."

ओळ वर्गाच्या मध्यावर आली.

"हे काय? कुठे निघालात सगळे?"

ओळ फळ्याजवळ आली. दोन वेण्यांची एक मुलगी शेजारच्याला समजावत होती, "मोठ्या बाईपण बाईच असतात ना. त्यांचीपण अक्षरं मोजायची."

"खेळ संपला," नव्या बाई घाईने म्हणाल्या आणि मुलांनी पाच पावलं टाकली. खेळ थांबवायची खूण ठरवायची राहूनच गेली होती. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मोठ्या बाईंना गप्प राहायची खूण केली.

"मला गप्प बसायला सांगताय? माझ्याच शाळेत?"

आता मुलं अगदी पदराशी आली. मोठ्या बाई मागे सरकत दारात गेल्या. "मागे व्हा. मी सांगतेय ना, मागे व्हा," असं त्या जितकं बजावत, तितकी मुलं जवळ येत. घाबरून त्या भरभर बोलू लागल्या, तशी मुलं धावू लागली. व्हरांडा ओलांडून समोरच्या कार्यालयात शिरेपर्यंत त्या बोलतच होत्या. खुर्चीमागच्या कपाटाला पाठ टेकली तेव्हा कुठे त्यांची वाचा बसली. मुलं टेबलाभोवती धापा टाकत पुढच्या शब्दाची शहाण्यासारखी वाट पाहत राहिली. हे आपल्याविरुद्धचं बंड आहे की अभ्यास, हेच मोठ्या बाईंना कळेना.

नव्या बाईंनी हूं की चूं न करता एकेकाचे खांदे धरून त्याचं तोंड वर्गाकडे फिरवलं. मुलांच्या पाठी दिसल्यावर मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला आणि वाचाही परत आली.

"ही शिकवायची पद्धत झाली? शिस्त म्हणून काही आहे की नाही? कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

ओळ मुकाट्याने वर्गाकडे चालू लागली. मोठ्या बाई बोलत बोलत मागून निघाल्या. नव्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नोकरी गेली, हे त्यांना दिसतच होतं. पण मुलं बरोबर जायचं तिथेच जात होती, म्हणून त्या हाताने "बोला, बोला" अशी खूणही करत होत्या.

मोठ्या बाईंनी शिस्तीचा विषय काढला, गणवेशाचा काढला, फळ्यावरच्या धुळीचाही काढला. आणि मग इतक्या वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. त्यांचं बोलणं संपलं. मुलं उंबरठ्यापासून दोन पावलांवर थांबली.

नव्या बाई मोठ्या बाईंकडे बघत होत्या. निकाल एका शब्दात यायचा होता.

मोठ्या बाईंनी "जा" म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर मुलांच्या पावलांवर गेली, तिथून उंबरठ्यावर गेली. त्यांनी तोंड मिटलं, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा एकदा मोजलं आणि नव्या बाईंकडे बोट दाखवलं.

"राहा," त्या म्हणाल्या.

मुलं दोन पावलं टाकून वर्गात गेली. नव्या बाईंना "धन्यवाद" म्हणायचं फार मनात होतं, पण त्या चार अक्षरांत ओळ बाकांवर आदळली असती. त्यांनी नुसती मान लववली आणि आतून दार लावून घेतलं.