रशियाच्या नळीवर पाय देऊ नका

महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर अण्णाजी खापेकरांचं. त्यांच्या ओट्यावर जो कोणी चढेल त्याला नमस्काराच्या आधी ओरडा ऐकावा लागायचा.

"पाय उचल! रशियाच्या नळीवर उभा राहून राहिला तू!"

खाली पाहावं तर फरशीवर खरंच निळ्या खडूची रेघ असायची. ती उंबरठ्यापासून निघायची, तिथे सायबेरिया. मधल्या खांबाला वळसा घालून मोरीपाशी संपायची. ती पश्चिम जर्मनी. खडू कापडावर खुणा करण्यासाठी असतो तसला. अण्णाजींची हयात गांधीबागेतल्या ठोक दुकानात कापड मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कापड सुटलं, खडू सुटला नाही. रशिया थेट युरोपपर्यंत गॅसची नळी टाकतो आहे आणि अमेरिका त्यावर जळफळते आहे, ही बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कोणाला सरळ चालता येईना.

"नळी कोनाची ते नोको सांगू," ते बोट नाचवत म्हणायचे. "चावी कोनाच्या हाती ते सांग. ऐन थंडीत रशियानं चावी फिरवली तं जर्मनीतली बाई चहा कशावर ठेवन?"

हा चावीचा प्रश्न ते कशालाही लावायचे. शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं, मुलगा बँकेत, सगळे पेढे खात होते. अण्णाजींनी पेढा हातातच धरला. "घरची चावी कोनाच्या हाती? सासूच्या? मंग कायची बँक!" मुलीची आई दिवसभर घुम्यासारखी बसून होती.

मी पत्रकं लिहितो. रॉकेलचा काळाबाजार, कोरडे नळ, रेशनच्या दुकानातली मापं. माझ्या पत्रकात माणसं दोनच प्रकारची असतात, लुटणारी आणि लुटली जाणारी. अण्णाजी कुठल्याच बाजूला नीट बसत नाहीत, म्हणून ते मला फार दिवस खुपत होते. त्यातून त्यांचं म्हणणं पुष्कळसं बरोबर! तिकडे तेलवाल्या देशांनी हात आखडला की इकडे आमच्या रेशन दुकानातलं रॉकेल आटतं, हे मी छापत होतो आणि ते ओट्यावरून ओरडत होते. मी त्यावर मोर्चा काढायचो, ते सिगडी पेटवायचे. एवढाच काय तो फरक.

सिगडी म्हणजे लग्नघरात शोभावी एवढी. घरात माणूस एक. एक कप चहा आणि दोन पोळ्यांसाठी हा ज्वालामुखी कशाला, असं मी एकदा विचारलं.

"कोळसा आपला आहे गा. सावनेरचा. खाली खोदा, वर जाळा. मधात कोनी नाही."

"मधात खाणवाला आहे, ट्रकवाला आहे, कोळशाच्या वखारीचा टालवाला आहे," मी म्हणालो.

"त्याइले शिवी देता येते. रशियाले कोन्या भाषेत देशीन?"

मग गल्लीला स्वयंपाकाचा गॅस मिळायची वेळ आली. यासाठी मी किती अर्ज केले आणि कुणाकुणाच्या टेबलापुढे ओरडलो ते सांगत बसत नाही. शेवटी एजन्सीचा माणूस आला, गल्ली पाहून हसला आणि म्हणाला, "गाडी आत येणार नाही. तोंडाशी सिलिंडर उतरवायला जागा दाखवा, मग नावं लिहून घेतो."

तोंडाशी जागा एकच. सायबेरिया ते पश्चिम जर्मनी.

"देनार नाही," अण्णाजी म्हणाले.

"काहून?"

"आज सुखानं घेसान. उद्या गाडी नाही आली तं तोंडात मारल्यासारखे बससान. गल्लीची चावी त्या एजन्सीच्या हाती देऊन राहिला तू. आन् तेही माह्या ओट्यावरून!"

"अण्णाजी, बायका धुरानं मरतात!"

"जर्मनीले मी हेच सांगून राहिलो," ते म्हणाले आणि खडूने सायबेरिया गिरवायला लागले.

मी घरी आलो तो पेटलेलाच. बसल्या बैठकीत पत्रक लिहिलं. 'एका माणसाच्या हट्टापायी अख्खी गल्ली धुरात! जनतेने जाब विचारावा!' आईला वाचून दाखवलं. ती वांगी चिरत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "छापू नोको."

"का नाही? कोणाची भीती आहे?"

"छापाच्या आधी एक काम कर. उद्या सकाळी अण्णाजीकडून इस्तू तू आन."

इस्तू म्हणजे विस्तव. आमच्या गल्लीची ही जुनी रीत. सकाळी प्रत्येक घरी नव्याने सिगडी पेटवायची तर रॉकेल ओतावं लागतं, आणि रॉकेल कुठलं? म्हणून एक सिगडी पेटते आणि तिच्यातून जो तो निखारा घेऊन जातो. ती पेटणारी सिगडी अण्णाजींची. त्यांच्या बायकोने, शांताकाकूंनी, ही देवघेव सुरू केली होती. काकू गेल्या, सिगडी चालू राहिली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इस्तू आणणं हे बायकांचं काम, आणि मी त्या वेळेला देश बदलत असायचो.

सकाळी लोखंडी पळी घेऊन गेलो. अण्णाजी सिगडीपुढे पाटावर बसलेले. अंगात धुतलेला सदरा, केसांना तेल. मुलगी पाहायला आलेल्या सासऱ्यासारखा थाट. बायका एकेक करून येत होत्या आणि रशियाच्या नळीला एकीचाही पाय लागत नव्हता.

"काहो वहिनी, पोट्ट्याचा ताप उतरला का?"

"उतरला जी."

"मंग हा घ्या, पेज करा. हा निखारा लवकर नाही विझत."

दुसरीला विचारलं, नणंद परत गेली का. तिसरीला नुसतं म्हणाले, "आज डोळे काहून लाल वं?" ती निखारा घेऊनही जरा वेळ तिथेच उभी राहिली. गल्लीत मी सभा घ्यायचो. पण कोणाचे डोळे लाल आहेत हे मला एकाही सभेत दिसलं नव्हतं.

शेवटी कमल आली. समोरच्या घरातली नवी सून. निखारा पळीत घेतला, तो धुमसत होता म्हणून वाकून फुंकर मारली आणि तिला खोकला आला. साधा नव्हे. खांबाला धरून ती खोकतच राहिली. अण्णाजी पाणी घेऊन आले. ती गेल्यावरही समोरच्या घरातून खोकला ऐकू येत होता. अण्णाजी चिमट्याने उगाच कोळसे हलवत होते.

"पत्रकवाल्या," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या गॅसच्या टाकीले वरून चावी असते न?"

"असते."

"कोन फिरवते?"

"ज्याच्या घरी टाकी, तो."

"कमलच्या घरी कमलच?"

"कमलच."

त्यांनी एकदा समोरच्या घराकडे पाहिलं. मग माझ्या पळीत निखारा टाकत म्हणाले, "उतरवा मंग ओट्यावर. पन फरशी फुटली तं तुह्यावर पत्रक मी छापीन."

गॅस आला त्या दिवशी अण्णाजींनी स्वतः ओटा धुतला. सायबेरियापासून जर्मनीपर्यंत सगळं मोरीत वाहून गेलं. वाळल्यावर त्यांनी खडू घेतला आणि टाक्या ठेवायच्या जागेभोवती चौकोन आखला. उतरणाऱ्या प्रत्येक टाकीची चावी त्यांनी वाकून पाहिली. हमाल वैतागला तर म्हणाले, "तुले काय करा लागते? जर्मनीनं पाह्यली असती तं बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी निळी ज्योत, धूर नाही, चहा चुटकीसरशी तयार. मी खूश. विजयाचं पत्रक डोक्यात तयार होत होतं. आई मात्र दारातून गल्लीच्या तोंडाकडे पाहत होती. मीही पाहिलं. ओट्यावर नेहमीएवढीच सिगडी धगधगत होती. पुढे अण्णाजी, धुतलेला सदरा, केसांना तेल. ओटा मोकळा.

आईने माझ्या हातात पळी दिली.

"अण्णाजी, इस्तू द्या," मी म्हणालो.

ते दचकले. मग कपाळाला आठी घातली. "काहून? आली न एजन्सी घरात? एका दिवसात चावी फिरवली का त्यानं?"

"नाही जी. आईला भरीत करायचं आहे. गॅसवर वांगं नीट भाजत नाही म्हणते."

"नाहीच भाजत," ते एकदम म्हणाले. चिमट्याने निखारे वरखाली केले, एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला, फुंकून त्यावरची राख उडवली आणि पळीत अलगद ठेवला. "लाल पाहून देल्ला. जपून ने."

मी ओट्यावरून उतरलो तेव्हा मागून आवाज आला. त्यात ओरडा नव्हता.

"उद्या बी भरीतच का गा?"