गेनूआबांचा कान

गेनूआबा वस्तादांच्या तालमीत जोर आकड्यांनी मोजत नसत. एका जोराला इतिहासातला एक राजा. खाली जाताना त्याचं नाव, वर येताना साल. राजा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अकबरानं माझे खांदे जेवढे भरले, तेवढे आईच्या दुधातुपानं भरले नसतील.

गंमत म्हणजे आबांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला उकिडवे बसून ते पुस्तक उलटं धरत, डोळे मिटून ऐकत आणि मध्येच ओरडत, "थांब! फेकतुयास!" एकदाही त्यांचा अंदाज चुकला नाही. मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "पाठ आसंल त्येचा दम आडत न्हाई. खोटं बोलताना आडतो. कान पायजे फकस्त."

आमचं गाव त्यांना वेडा म्हणे. गावाला कोणीतरी वेडा लागतोच, नाहीतर बाकीच्यांनी शहाणं कशावरून ठरायचं?

तळेगावच्या हायस्कुलात ते दर महिन्याला घोंगडी पांघरून हजर. हेडमास्तरांना रामराम घालून विचारत, "आमचा गडी कंच्या डावात कच्चा हाय?" हेडमास्तर "भूमितीत" म्हणाले की माझी थंडाई बंद. मग माझा जोडीदार तुकाराम याला प्रमेय समजावून दिल्याशिवाय मला पेला मिळत नसे. तुकाराम मुद्दाम समजून घेत नसे, कारण तोवर माझा पेला तो पीत असे.

मॅट्रिकच्या वर्षी आमच्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती माझी लागली. समोर नदीपलीकडची तालीम. तिच्यापुढे आबांचे गडी वीस वर्षं पाठ टेकवत आले होते. यंदा कुस्ती मी मारणार, हे दोन्ही गावं जाणून होती. कुस्ती रविवारी आणि सोमवारी सकाळी पुण्यात पहिला पेपर.

"कुस्ती करून रातच्या गाडीनं जातो, आबा."

"आन् खांदा निखळला तर लेखणी काय दातात धरशील?"

त्यांनी माझं नाव काढून घेतलं आणि शनिवारीच मला गाडीत बसवलं. मी पाया पडलो नाही. आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी कुस्ती त्यांनी हिरावली, असं वाटून निकालापर्यंत पुण्यात मामाकडेच राहिलो. गावाचं तोंड पाहिलं नाही.

गणितात मी पहिला आलो. पुण्याच्या एका कचेरीतून नोकरीचं पत्रही आलं. आज तिथं मी आवक-जावक लिहितो. त्यासाठी अकबराची गरज पडत नाही.

कामावर रुजू होण्यापूर्वी एक दिवस गावी आलो आणि घरच्यांना भेटून तालमीत गेलो. कुस्ती मारून आलेल्या गड्याच्या कपाळाला वस्ताद हौद्याची माती लावतो. आबांनी मला ती लावली, पण डाव्या हातानं. उजवा हात बरगडीला चिकटलेला आणि खांदा खाली उतरलेला.

"हाताला काय झालं, आबा?"

"गाडीतनं पडलो. बैल… बुजला."

मध्ये त्यांचा दम अडकला. मला स्वच्छ ऐकू आला. तो कान त्यांनीच तयार केला होता. पण माझ्या खिशात नोकरीचं पत्र होतं, गाडीची वेळ झाली होती. "जपा," एवढंच म्हणून मी निघालो.

स्टेशनावर डोक्यावरची ट्रंक उतरवत तुकाराम म्हणाला, "आबांनी समद्यांना शपथ घातलीया, तरी सांगतो. तू न्हाईस म्हनल्यावर नदीपल्याडची मानसं बांगड्या घिऊन आली. आबा म्हनलं, तालमीचं नाव पुकारलंय, मानूस उतरलाच पायजे. पंचावन्नाव्या वर्साला सोता लांग कसून हौद्यात उतरलं. त्येंच्या पोरानं आसं आपटलं, खांदाच निखळला. तुला काय म्हनलं?"

"बैलगाडीतून पडलो म्हणाले."

"आन् तुला खरं वाटलं?"

"हो," मी म्हणालो आणि माझा दम अडकला.

तुकारामही त्याच तालमीतला. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ट्रंक डब्यात ढकलली आणि मागं न बघता गेला. मी गाडीत चढलो.