बिनकाजूची खीर

आमच्या कॉलनीत बुद्धपौर्णिमेला खीर वाटतात. मागच्या वर्षी माझ्या नातीनं, तेजलनं, त्यातला एक काजू खाल्ला आणि तिचा घसाच सुजला. द्वारका चौकातल्या दवाखान्यात पळवावं लागलं. म्हणून यंदा मी समितीला सांगितलं, "खीर बिनकाजूची करा. पोरीला एकदा सगळ्यांसोबत बसून खाऊ द्या."

समितीचे अध्यक्ष भिकननाना. जिल्हा परिषदेतून रिटायर. म्हणाले, "भिमाबाई, एकीचंच ऐकलं तर पक्षपात होतो. सगळ्यांच्या हरकती मागवू."

बैठक भरली. अंजली मॅडमना दूध बाधतं म्हणे. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहा घेतात, तो भाग वेगळा. संघर्ष जिमला जातो, त्याला साखर चालत नाही. रोशनीनं मोबाईलवर आहाराचा कोर्स केलाय. तिनं तांदूळ बाद केला.

मला जन्मात काही बाधलेलं नाही. पण सगळ्यांना काहीतरी आणि आपल्याला काहीच नाही, म्हणजे अगदीच गावठी दिसतं. साखरेऐवजी गुळाचं निघालं तशी मी उठले. "गुळानं माझा डावा कान सुजतो. इतका, की हेल्मेट बसत नाही."

नानांनी लगेच माईक दिला. मला लय बरं वाटलं.

गूळही गेला. उरलं पाणी आणि वेलची. ठराव झाला, नाव पडलं 'सर्वसंमत खीर'.

"आणि काजू?" मी विचारलं.

"त्याला एकच हरकत आहे, बहुमत नाही," नाना म्हणाले. "शिवाय वरून काजू नाही घातले तर पाहुण्यांना हे पाणीच वाटेल."

मी भांडणारच होते. पण तेवढ्यात अंजली मॅडमनी माझ्या कानाची चौकशी केली, आणि तो किस्सा जरा रंगत गेला. एकदा तर कान दारातून आत येईना, इथपर्यंत मी पोचले, तोवर बैठक संपली.

पौर्णिमेला वाट्या आल्या. सगळ्यांनी काजू तेवढे वेचून खाल्ले आणि पाणी कुंडीत ओतलं. मीही. काजू तुपात छान परतले होते.

तेजल कोरी, रिकामी वाटी घेऊन माझ्यापाशी आली. "आजी, खिरीतलं माझ्यासाठी काय काढलं?"

आता तिला काय सांगू, ते तुम्हीच सांगा. बैठकीला तुम्हीही होतात की मागच्या रांगेत. खिरीत गहू नव्हताच, तरी 'मला गहू चालत नाही' म्हणून तुमचा हात वर होता.