हलकी होडी

चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि दातांचे डॉक्टर हे साडू. दोघांकडे शिडाच्या होड्या होत्या आणि सुट्टीला दोघं सहकुटुंब किनाऱ्याकिनाऱ्याने पलीकडच्या खाडीत जेवायला जात. शर्यत वगैरे मुळीच नसे. फक्त डॉक्टर दर वेळी आधी पोचत आणि मागून येणाऱ्या चष्मेवाल्यांना रुमाल हलवून दाखवत. त्या रुमालाने चष्मेवाल्यांची झोप उडवली होती. एकदा, फक्त एकदा त्यांना पहिलं यायचं होतं.

या खेपेस त्यांनी डोकं चालवलं. बायको धक्क्यावर ताईशी, म्हणजे डॉक्टरीणबाईंशी गप्पा मारत होती, तेवढ्यात त्यांनी होडीतलं जडजड सामान गुपचूप गाडीच्या डिकीत कोंबलं. मग काय! शिडात वारा भरताच होडी अशी सुटली की डॉक्टर पार मागे पडले. चष्मेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी टोपी हलवली.

"अहो, गाद्या कुठे गेल्या?" खालच्या केबिनमधून बायकोने विचारलं.

"उन्हात टाकल्यात."

"कुठल्या उन्हात?"

"आहे ना तिकडे ऊन."

ती वर आली. "आणि पाण्याचा कॅन? तोही वाळत घातलात?"

"चारी बाजूंनी पाणी आहे, आणि तुला कॅन आठवतोय!"

"जेवणाची पिशवी?"

चष्मेवाले एकाग्रतेने क्षितिज बघू लागले. "ताई आणतातच की भरपूर," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे मी पहाटे उठून रांधलं ते डिकीसाठी?"

तेवढ्यात वाराच पडला. खाडी हाकेच्या अंतरावर होती, पण प्रवाह होडीला मागे ओढायला लागला.

"इंजिन लावा!"

"डिझेल... जड असतं गं."

"मग नांगर तरी टाका!"

"तो तर सगळ्यात जड!"

इतक्यात डॉक्टर इंजिन लावून डुगडुगत आले. "काय साडूभाई, विश्रांती का?" असं म्हणत त्यांनी दोरी फेकली. ती बांधताना चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाडीत शिरल्यावर डॉक्टरांनी इंजिन बंद करून नांगर टाकला. त्यांची होडी थांबली. चष्मेवाल्यांची थांबणार कशाने? ती सरळ पुढेच येत राहिली. चष्मेवाल्यांचे डोळे लकाकले. त्यांनी चटकन दोरी सोडली आणि होडी डॉक्टरांच्या शेजारून दिमाखात पुढे सरकली.

"अहो, किनारा आला! आपटेल!" पुढच्या टोकावरून बायको ओरडली.

"आपटू दे! पहिला नंबर!"

होडीने वाळूत नाक खुपसलं. त्या धक्क्यासरशी चष्मेवाले होडीतच तोंडावर आपटले आणि बायको पुढच्या पुढे उडून किनाऱ्यावर चक्क दोन्ही पायांवर उभी राहिली.

"ताई, मी पहिली आले गं!"

डॉक्टर टाळ्या वाजवू लागले. चष्मेवाले कठड्यावर एक पाय टाकून जागीच थबकले.

"या सावकाश," बायको म्हणाली. "दुसऱ्या नंबराला जेवण आहे का, ताईला विचारते."