काकूंच्या वर्गाचा शुक्रवार

साल एकोणीसशे ब्याऐंशी. त्या वर्षी घरोघरी टेपरेकॉर्डर येऊन बसले होते. काकूंच्या घरी तर तो माणसासारखा बसला होता, चांगली खुर्ची त्याला आणि स्टूल काकूंना. कारण त्यात काकूंचे यजमान होते. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना म्हणणारे हझान म्हणून त्यांनी जन्म काढला, आणि जाण्याआधी शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी सांजेला लागणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाची, हिब्रू गीतं एका कॅसेटवर म्हणून ठेवली.

त्या कॅसेटच्या जोरावर काकूंनी पोरांचा वर्ग काढला. खटका दाबला की ‘टक्’ व्हायचं, यजमान सूर लावायचे, मागोमाग पोरं. काकूंचा स्वतःचा आवाज काही वाईट नव्हता, पण यजमान गात असताना आपण तोंड उघडायचं म्हणजे काय!

सिनेगॉगचे अध्यक्ष औषधाच्या दुकानाचे मालक होते. शब्दसुद्धा ते गोळ्यांसारखे मोजून द्यायचे. पोरं खाली उभी राहिली की कालवा करतात, म्हणून त्यांनी सगळ्यांना वर बायकांच्या सज्जात पिटाळलं होतं. काकूंनी महिनाभर त्यांचा पिच्छा पुरवला.

“एक शुक्रवार देतो,” ते शेवटी म्हणाले. “शब्बाथचं स्वागतगीत पोरांनी म्हणायचं. नीट झालं तर दर आठवड्याला खाली उभी राहतील. नाही झालं तर वर्ग बंद.”

“नीट होईल हो! पोरं हुबेहूब म्हणतात.”

हुबेहूब म्हणत होती, तिथंच घोडं पेंड खाणार होतं. टेप करताना शेवटच्या कडव्यापाशी घरात मांजर शिरलं होतं. गाणं कशाला तोडा, म्हणून यजमान त्याच सुरात बोलून गेले होते, ‘दार लाव गं, मांजर आलं.’ कॅसेटवरचं बाकी सगळं देवासाठी होतं. तेवढं एक वाक्य काकूंसाठी होतं. ते पुसायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

वर्गात एक मुलगी फार प्रश्न विचारायची. बाकीची पोरं तिला शंकासूर म्हणत. तिनं एकदा विचारलंही होतं, “काकू, हे मांजराचं पण म्हणायचं?”

काकू तेव्हा डोळे मिटून ऐकत होत्या. “आहे तसं म्हणायचं. एक अक्षर गाळायचं नाही.”

“अर्थ काय पण या गाण्याचा?”

“अर्थ नंतर. आधी सूर.”

शुक्रवार उजाडला. काकूंनी पोरांची नखं कापली, टोप्या बसवल्या, नाकं पुसली. संध्याकाळी पोरं खाली व्यासपीठाशी उभी राहिली आणि काकू वर सज्जात बसल्या. अध्यक्षांनी मान हलवली. पोरं गप्प. पुन्हा मान हलवली. पोरं त्यांच्याकडे बघत टक्क उभी.

“म्हणा की रे!” अध्यक्ष कुजबुजले.

“टक् झालं नाही अजून,” सगळ्यात धाकटा खणखणीत आवाजात म्हणाला.

शब्बाथ लागला की विजेच्या खटक्याला हात लावायचा नसतो, मग टेपरेकॉर्डर कुठला? आणि त्याशिवाय सुरुवात कशी करायची, हे पोरांना कुणी शिकवलंच नव्हतं. अध्यक्षांना ती शोभा बघवेना. ते तरातरा बाहेर पडले आणि अंगणाच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

घामाघूम झालेल्या काकूंनी चष्मा काढून डबीत टाकला आणि डबी मिटली. ‘टक्!’

पोरं सुरू झाली, आणि काय सुरू झाली! तीच हरकत, तोच थांबा, श्वाससुद्धा तिथंच. खालचे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. गेलेला माणूस सात-आठ कोवळ्या गळ्यांतून गात होता. शेजारणीनं काकूंचा हात घट्ट धरला. सज्जातल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

शेवटचं कडवं आलं. शब्बाथ राणीसारखा येतो, म्हणून या कडव्याला सगळे दाराकडे वळून तिला या म्हणतात. सगळे वळले. पोरंही वळली. नेमके त्याच वेळी राग गिळून अध्यक्ष पायरी चढून उंबऱ्याशी आले. समोर सगळी मंडळी आपल्याकडे तोंड करून उभी बघून ते जरा सुखावले.

आणि पोरांनी गोड सुरात म्हटलं, “दार लाव गं, मांजर आलं!”

दारापाशी सिनेगॉगचा म्हातारा सेवेकरी होता. त्या सुरातला हुकूम त्यानं तीस वर्षं ऐकला होता. हात आपसूक उठले. दार लागलं. कडीसुद्धा लागली.

“अहो, ते अध्यक्ष होते!” कुणीतरी म्हणालं.

“हझानसाहेबांनी लावायला सांगितलं,” सेवेकरी म्हणाला, आणि मग एकदम खाली बसून रडायला लागला. त्याला सावरण्यात कडीचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

बाहेर विजेची घंटी होती, पण शब्बाथला ती दाबायची कशी? गेल्याच महिन्यात एका पाहुण्यानं दाबली, तेव्हा अध्यक्षांनीच त्याला झापलं होतं. त्यांनी दार ठोठावलं. आत मंडळी पुढचं गीत म्हणत होती. प्रार्थना संपेपर्यंत ते पायरीवर बसून राहिले.

दार उघडल्यावर काकू धावत खाली आल्या. “अहो, चुकलं माझं. पण त्याआधी पोरांनी काय म्हटलंय! कुणालाही विचारा.”

“मी जे ऐकलं ते ऐकलं,” अध्यक्ष म्हणाले. “वर्ग बंद.”

शंकासूर काकूंच्या मागे उभी होती. “काकू, मी विचारलं होतं ना?”

“विचारलं होतंस बाळा,” काकू म्हणाल्या.

सेवेकरी दोन वर्षांनी गेला. शंकासूर मोठी होऊन वकील झाली, म्हणजे तिला प्रश्न विचारायचे पैसे मिळू लागले. बाकीची पोरंही शिकून परदेशी पांगली. कॅसेट झिजून झिजून एक दिवस आतल्या आत गुंडाळली गेली.

पुढं माणसं इतकी कमी झाली, की शुक्रवारी सूर धरायला कुणी उरेना. तेव्हा अध्यक्ष काकूंच्या दारात आले.

“वर्ग पुन्हा सुरू करता का?”

“करते की. पोरं कुठून आणायची?”

अध्यक्षांनी टोपी नीट बसवली. मग पोरांच्या जागी ते स्वतःच स्टूल ओढून बसले. काकूंनी पहिल्यांदाच स्वतःच्या गळ्यातून सूर लावला, आणि एकेका शब्दाचा अर्थ आधी सांगितला. अर्थ अध्यक्षांना चटकन कळायचा. सूर मात्र शेवटपर्यंत लागला नाही.