हँडल अजून एक बोट वर

माझे दाजी मोटारसायकल सुरू करण्याआधी नुसते तिच्यावर बसतात. दोन्ही हात हँडलवर ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "एक बोट कमी पडून राह्यलं." मग उतरतात, खिशातून पाना काढतात, नट सैल करतात, हँडल बोटभर वर नाहीतर बोटभर मागे घेतात. पुन्हा बसणं, पुन्हा डोळे मिटणं. ज्याला कुठे सोडायचं असतं, तो बिचारा तोवर निम्मी वाट चालून गेलेला असतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. घनसावंगीच्या खाली गोदाकाठी त्यांचं गाव. उसाच्या ट्रॅक्टरांनी तिथल्या रस्त्याची अशी वाट लावलीय की साध्या गाडीच्या मडगार्डात काळी माती गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं. म्हणून त्यांनी जालन्याहून एक जुनी, डोंगरदऱ्यांत पळवायची उंच गाडी आणली. तिचं मडगार्ड चाकापासून हातभर वर, माती अडकायचा प्रश्नच नाही. दाजी मात्र बेताच्या उंचीचे. त्यात लेथवाल्याकडून लोखंडाचे तुकडे कातून आणून त्यांनी हँडल इतकं वर चढवलं की ते गाडी चालवताना लांबून दोरीवर धोतर वाळत घालणाऱ्या माणसासारखे दिसतात.

कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "मान आखडती. माणसानं बिलकुल ताठ बसावं. आराम मोठी चीज हाये."

मी परतूरला मास्तर आहे आणि जन्माचा भित्रा आहे. घरात मिक्सर लावला तरी मी दारापाशी जाऊन उभा राहतो. आणि या गाडीच्या मागच्या सीटवर माझी बहीण रोज शेजारच्या गावच्या अंगणवाडीत जाते! रोज सैल होणारे नट एखाद्या दिवशी आपणहून सैल झाले तर? संध्याकाळी फोन वाजला की तीन रिंग होईपर्यंत मी तो उचलत नाही. पलीकडून आक्का लोणच्याचं विचारत असते आणि मी घाम पुसत असतो.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, आता स्पष्ट सांगायचं. घनसावंगीला दाजी घ्यायला आले होते. नेहमीचं डोळे मिटणं झालं, पाना झाला आणि आम्ही निघालो. मी मागची दांडी दोन्ही हातांनी धरून देवाचं नाव घेत होतो.

कालव्याच्या वळणावर दाजींनी हँडल पूर्ण वळवलं आणि गाडीने एकदम डरकाळी फोडली. हँडल वर वर जात राहिलं होतं, पण रेसची वायर होती तेवढीच होती. वळताना ती ताणली गेली आणि गाडी स्वतःच रेस घेऊन सुटली. बांध ओलांडून आम्ही सरळ कापसात! मी "आई गं" म्हणून ओरडलो ते पलीकडच्या शेतात वेचणीला आलेल्या बायांनीही ऐकलं. दाजींनी कशीबशी गाडी बंद केली. आम्ही पडलो नाही एवढंच.

"बस्स झालं, दाजी!" मी उतरून म्हणालो. "मागे आक्का असती तर? हँडल होतं तिथे खाली आणा, नाहीतर गाडी विका."

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वायर लांब टाकतो," ते म्हणाले. "आत्ताच टाकतो. पण हँडल खाली न्हाई घेणार."

"का?"

त्यांनी गाडी सरळ धरली आणि ते पुन्हा तिच्यावर बसले. मग म्हणाले, "बसा मागं. गाडी बंद हाये, भिऊ नका. एकीकडं पाय सोडून बसा, आक्का बसती तसं."

मी बसलो.

"आता कशालाच धरू नका. माझ्या पाठीला नुसतं डोकं टेका."

त्या बाया वेचणी सोडून बघत होत्या. गावच्या पाहुण्याने, तेही मास्तराने, भर दुपारी दाजींच्या पाठीला गाल लावला.

"टेकतंय का बराबर?"

"टेकतंय. पण मान खाली जाते जरा."

"मंग कमीच हाये अजून," दाजी स्वतःशीच पुटपुटले. आणि तसेच, माझ्याकडे पाठ करून बोलू लागले. "तो सांधे धरणारा ताप येऊन गेला ना, तवापासून तिची बोटं मिटत न्हाईत, पाव्हणे. दांडी धरवत न्हाई. कोणाला सांगत न्हाई, काम जाईल म्हणून. मलाबी न्हाई. पावसाळ्यात ह्याच वळणाला घसरून चिखलात पडली. अन् मी गेल्तो तसाच पुढं. तिला कापसाचं सांगत होतो. बोलतच गेल्तो. पार मारुतीच्या देवळापर्यंत. मंग इचारलं, ऐकून राह्यली का? तर मागं कोणीच न्हाई."

मी गाल तसाच टेकून ठेवला.

"माघारी आलो तर बांधावर बसल्याली, साडी झटकीत. हसून म्हणली, झालं का सांगून?" दाजी हँडलवरची माती नखाने खरवडत होते. "तिला काय म्हणणार? माझी मान दुखती म्हणलो अन् हँडल वर घेतलं. मी वाकलो की तिला टेकता येत न्हाई. डोकं पाठीला असलं म्हंजे कळतं, हाये म्हणून."

सदऱ्याआडून त्यांचं काळीज धडधडताना मला ऐकू येत होतं. माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि तो तर रोज गाडी चालवत होता. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

आम्ही गाडी ढकलत घनसावंगीला परत नेली. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने कोणती वायर हवी म्हणून विचारलं. दाजी तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "असेल त्यातली सगळ्यात लांब द्या. हँडल अजून वर जायचंय."