ट्रक उजवीकडे ओढतोय

आयविनचा जुना लष्करी ट्रक उजवीकडे ओढत होता. स्टिअरिंगवरचा हात जरा सैल सोडला, की तो सावकाश, अगदी सभ्यपणे, शेजारणीच्या कुंपणाकडे निघायचा. हिवाळाभर शेडमध्ये झाकलेला ट्रक बुधवारी पहिल्यांदा बाहेर काढला, तेव्हा स्टिअरिंग डावीकडे धरून आयविन, आणि उजवीकडच्या सीटवर पलीकडच्या घरातला प्रेबेन बसला होता. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला सार्जंट. चाकांमधलं त्याला कळतं, यावर गावात दुमत नव्हतं.

"मेलो," आयविन म्हणाला. "शनिवारी अख्खा वर्ग कुंपणात घालणार मी."

आयविनची नात आल्बेर्ते शाळेची शेवटची परीक्षा पास झाली होती. शनिवारी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, पास झालेली तेवीस पोरं पांढऱ्या टोप्या घालून उघड्या ट्रकमधून गावभर नाचत फिरणार होती आणि प्रत्येकाच्या घरापुढे थांबून खाणार-पिणार होती. "तुझ्या मिरवणुकीचा ट्रक मीच चालवीन," असा शब्द आयविनने ती पाच वर्षांची असताना दिला होता. ट्रक नीट झाला नाही तर वर्ग भाड्याची बस आणणार होता. बसचं नाव काढलं की आयविनला घास जात नसे.

प्रेबेनने आधी टायरची हवा तपासली. बरोबर. पुढची चाकं अदलाबदल केली. ट्रक कुंपणाकडेच. ब्रेक चिकटत असेल म्हणून चाकाला हात लावून पाहिला, तर चाक थंडगार. मग खडूने टायरवर खुणा केल्या आणि दोघांनी टेप धरून चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं.

"पुढून तीन मिलिमीटर कमी."

"म्हणजे?"

"म्हणजे हवं तेवढंच."

दर वेळी आयविन ट्रक चालवून बघायचा आणि प्रेबेन शेजारी बसायचा, कारण आवाज ऐकायला हवा. तिसऱ्या फेरीपासून शेजारीण कॉफीचा कप घेऊन कुंपणापाशीच उभी राहू लागली.

"उजवी स्प्रिंग दमलीय," गुरुवारी प्रेबेनने निकाल दिला. "तिच्या पोलादी पट्ट्यांत एक पाटा जास्तीचा घालू."

पाटा घातला. ट्रक सुतासारखा सरळ! दोघांनी बियर उघडली.

शुक्रवारी आयविनची बायको टोवे पाव आणायला एकटीच ट्रक घेऊन गेली, ती परतली डाव्या, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूच्या गटाराच्या कडेकडेने.

"सरळ झालाय म्हणालात ना रे? दुधाची गाडी समोरून आली, देवाघरीच जायचे मी!"

आयविनने एकट्याने फेरी मारली. ट्रक डावीकडे. प्रेबेनला घेऊन मारली. सरळ. टोवेने प्रेबेनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वजन किती रे तुझं?"

"एकशे अठ्ठावीस," प्रेबेन म्हणाला. "नाश्त्याआधी."

"अरे देवा! ट्रकला काही झालंच नव्हतं!"

"काढ मग तो पाटा," आयविन ओरडला.

"आता? बोल्ट पार जाम झालेत. मीच बसतो शनिवारी. माझी काही हरकत नाही."

तर शनिवारी मिरवणूक निघाली. मागे पोरं किंचाळत होती, पुढे आजोबा आणि त्यांच्या शेजारी हिशेबातलं वजन. प्रेबेनने तेवीसही घरी उतरून सॉसेज खाल्ले, दोन ठिकाणी भाषण केलं आणि एका आजीबरोबर नाचला. ट्रक दिवसभर सरळ चालला. आयविनचे डोळे भरून आले होते, तो ते धुरावर ढकलत होता.

शेवटच्या घरापुढे आल्बेर्ते केबिनच्या खिडकीशी आली. "प्रेबेनकाका, तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं."

प्रेबेन लाल झाला. पाच बियर पोटात होत्या, राहवलं नाही. "तसं नाही गं पोरी. मला बुधवारीच कळलं होतं. पहिल्याच फेरीत. मी खाली उतरलो असतो, तर ट्रक सरळच गेला असता."

आयविन जागच्या जागी वळला. "म्हणजे तीन दिवस मला चिखलात लोळवलंस! अरे गाढवा, यायचंच होतं तर नुसतं विचारायचंस!"

"तू नुसतं बोलवायचंस," प्रेबेन म्हणाला.

आयविनने ट्रक सुरू केला.